‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ हे मृत्यूचं कारण नव्हे

▪ कातरवेळ

गेली एकवीस वर्षं मी शवविच्छेदनं करते आहे. ‘न्यायवैद्यक’ असं सांगितलं की समोरचे दोन प्रकारे वागतात. काही जण पुढे केलेला हात नकळत मागे घेतात, काही खुर्ची पुढे ओढतात. हा धागा खुर्ची पुढे ओढणाऱ्यांसाठी.

निमित्त शेजारच्या धाग्याचं. तिथे कोणीतरी लिहिलं होतं, ‘रिपोर्ट आला, हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू, म्हणजे आता संशयाला जागा नाही.’ मला राहवलं नाही. अहो, हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. गोळी लागलेल्याची, बुडालेल्याची, नव्वदीत झोपेत गेलेल्याची. ‘हृदयक्रिया बंद पडली’ म्हणजे ‘मेला’ एवढंच. का मेला, ते अजून सांगायचंच आहे.

आम्ही तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. समजा, मांडीची रोहिणी कापली जाऊन एक माणूस गेला. धारदार वस्तूची जखम हे कारण. रक्तस्राव ही यंत्रणा. आणि प्रकार? काचेच्या दारावर पडला असेल तर अपघात, स्वतः कापून घेतली असेल तर आत्महत्या, दुसऱ्याने वार केला असेल तर मनुष्यवध. तिन्हींत जखम एकसारखी दिसू शकते. प्रकार कोण ठरवणार हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत मेडिकल एक्झामिनर (मृत्यूंची तपासणी करणारा सरकारी डॉक्टर) स्वतः लिहितो आणि त्याच्याकडे पाच रकाने असतात : नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध, अनिश्चित. इंग्लंडात ते कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याकडे जातं. काही ठिकाणी डॉक्टरने फक्त कारण लिहायचं आणि बाजूला व्हायचं. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात बरं, पण त्यावर भांडणारे आमच्यातही पुष्कळ आहेत.

आणि हो, दिवसभर खून बघायचे असतील तर टीव्ही लावा. माझ्या टेबलावर बहुतेक हृदयंच येतात. एकटे राहणारे, रस्त्यात कोसळलेले, आठवडाभर डॉक्टरकडे न गेलेले.

विचारा काय विचारायचं ते. सुरू असलेल्या प्रकरणांबद्दल नको, आणि फोटो तर मुळीच चिकटवू नका.

▪ ठिपका

पहिला प्रश्न मीच विचारून टाकतो, म्हणजे बाकीच्यांची अडचण नको. वास?

▪ कातरवेळ

पंधरा मिनिटांत नाक बधिर होतं. त्रास टेबलापाशी होत नाही. संध्याकाळी केस मोकळे सोडले की होतो.

▪ चकवा

मी रहस्यकथा लिहितो (माफ करा). माझ्या कथेतले डॉक्टर वाकून बघतात आणि म्हणतात, ‘रात्री अकरा ते साडेअकराच्या दरम्यान.’ हे कितपत चालेल?

▪ कातरवेळ

चालणार नाही. पण वाईट वाटून घेऊ नका, पोलीसही हेच मागतात.

देह थंड होतो, तासाला साधारण एक ते दीड अंश सेल्सिअस, असं पाठ्यपुस्तक सांगतं. पण सुरुवातीचा काही वेळ तापमान उतरतच नाही, तिथेच रेंगाळतं. त्यात माणूस जाड की बारीक, अंगावर काय होतं, खिडकी उघडी होती का, पाण्यात होता का, जाताना अंगात ताप होता का. ताप असेल तर तुमची मोजणी ३७ पासून सुरू होत नाही, ४० पासून होते, आणि मरणारा आधी थर्मामीटर लावून ठेवत नाही.

जर्मनीच्या क्लाउस हेन्सगे यांनी या सगळ्याचा एक आलेख बसवला. देहाचं तापमान, भोवतालचं तापमान आणि वजन घेऊन पट्टी लावायची आणि तास वाचायचे. आजही तोच वापरतात. सगळं जुळून आलं तरी त्याची मर्यादा अधिक-उणे २.८ तास, तीही ९५ टक्के खात्रीने. म्हणजे साडेपाच तासांची खिडकी. तुमच्या डॉक्टरांची अर्ध्या तासाची आहे.

काठिण्य, म्हणजे रायगर. स्नायू सैल व्हायला ऊर्जा लागते, एटीपी. ती संपली की स्नायू आहे तिथे अडकतो. आधी पापण्या आणि जबड्यात जाणवतं, बारा तासांच्या आसपास सगळं अंग ताठ, मग कुजायला लागलं की पुन्हा सैल. उकाड्यात हे सगळं धावत होतं, थंडीत रांगत. पळताना किंवा झटापटीत गेलेल्यांत लवकर येतं, कारण ऊर्जा आधीच संपलेली असते.

डाग, म्हणजे लिव्हिडिटी. अभिसरण थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि कातडीवर जांभळट पट्टे उमटतात. जिथे अंग जमिनीला टेकलेलं असतं तिथे मात्र पांढरं राहतं, पट्ट्याचा, चादरीच्या सुरकुतीचा ठसा उठतो. आठ-बारा तासांनी हे डाग सहसा जागा सोडत नाहीत. म्हणून वेळेपेक्षा ‘कोणी हलवलं का’ या प्रश्नाला डाग जास्त उपयोगी. पाठीवर पडलेला माणूस आणि डाग छातीवर, हे दिसलं की मी पेन खाली ठेवते आणि पहिल्यांदा आत कोण गेलं होतं ते विचारते.

खरं सांगू का, मृत्यूच्या वेळेचा सगळ्यात चांगला पुरावा देहात नसतोच. शेवटचा फोन किती वाजता झाला, मोबाइलने पावलं कधीपर्यंत मोजली. आम्ही त्या दोन टोकांच्या मध्ये आमचे तास बसवून बघतो.

▪ रात्रपाळी

मी डॉक्टर नाही. शवागारात सहाय्यक, अठरा वर्षं. डागांवरून एक सांगतो. शीतकपाटात ठेवलेल्या देहाचे डाग गुलाबी होतात. नवीन शिकाऊ डॉक्टर आले की त्यांतला एक तरी दरवर्षी ओरडतो, ‘सर, कार्बन मोनॉक्साइड!’ कारण पुस्तकात त्याचा रंग चेरीसारखा गुलाबी लिहिलाय. मी काही बोलत नाही. फक्त कपाटाच्या दाराकडे बघतो.

▪ कातरवेळ

रात्रपाळी, त्यातली एक मीच होते. वेगळ्या शवागारात, पण माणूस असाच, दाराकडे बघणारा.

▪ चकवा

😂 मग माझ्या डॉक्टरने आता म्हणायचं काय? ‘संध्याकाळी सहा ते पहाटे दोन’? संपादक कथा परत पाठवतील.

▪ अर्धविराम

मी वकील आहे, फौजदारीच करतो. कातरवेळ यांचं वेळेबद्दलचं सगळं मान्य, पण कोर्टात असं बोलणारे डॉक्टर कमी भेटतात हेही लिहा. आमचा आवडता प्रश्न : ‘डॉक्टर, असं होणं शक्य आहे का?’ वैद्यकशास्त्रात बहुतेक सगळं शक्य असतं. डॉक्टर ‘हो’ म्हणतात आणि आम्ही खाली बसतो.

आणि छातीठोक बोलणाऱ्यांचा इतिहास काही चांगला नाही. इंग्लंडात न्यायवैद्यक तज्ज्ञ बर्नार्ड स्पिल्सबरी. १९१० च्या क्रिपन खटल्यापासून (बायकोच्या खुनाचा) पुढची काही दशकं हा माणूस साक्षीला उभा राहिला की ज्युरीचं मत बनायचं. एकट्याने काम करायचे, सहकाऱ्यांशी चर्चा नाही, स्वतःबद्दल शंका नाही. त्यांच्या कित्येक मतांबद्दल आज तज्ज्ञ नाकं मुरडतात. कॅनडातलं प्रकरण तर अगदी अलीकडचं. ओंटारिओतले चार्ल्स स्मिथ. लहान मुलांचे पॅथॉलॉजिस्ट, न्यायवैद्यकाचं रीतसर प्रशिक्षण नाही, तरी संशयास्पद बालमृत्यू वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. पुढे त्यांची ४५ प्रकरणं बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासली, २० मध्ये त्यांच्या मतात खोट निघाली. २००८ मध्ये न्यायमूर्ती गाउज यांच्या चौकशीचा अहवाल आला. एका माणसाने भाचीच्या खुनासाठी बारा वर्षं तुरुंगात काढली होती, २००७ मध्ये तो निर्दोष सुटला. ज्याला अत्याचाराच्या खुणा म्हटलं गेलं, ते मृत्यूनंतरचे बदल होते.

तेव्हा ‘डॉक्टर सांगतात म्हणजे खरं’ असा धागा होऊ देऊ नका एवढंच.

▪ कातरवेळ

होऊ देणार नाही. उलट माझीच चूक सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष. पोटात एक वार, आतपर्यंत मोजला तर १४ सेंटिमीटर. मी रिपोर्टात लिहिलं, ‘हत्याराचं पातं किमान १४ सेंमी लांब असावं.’ कोणी विचारलं नव्हतं. मीच हुशारी केली. पुढे चाकू सापडला, पातं १० सेंटिमीटरचं. बचावाच्या वकिलांनी तो माझ्या हातात दिला आणि फुटपट्टीही दिली. मोजून मोठ्याने वाचायला लावलं.

चाकू तोच होता. पोट मऊ असतं. जोराने भोसकलं की मूठ कातडीला भिडते, पोट आत दबतं आणि टोक पात्याच्या लांबीपेक्षा खोल जातं. आम्हाला हे शिकवलेलं होतं. पण टेबलावर देह निपचित, पोट सपाट, सळई सरळ आत जाते, आणि आकडा डोळ्यांसमोर असला की शिकवलेलं आठवत नाही. त्या दिवसापासून रिपोर्टात जे दिसलं ते लिहिते. अर्थ वेगळ्या परिच्छेदात, आणि विचारला तरच.

मृत्यूनंतरच्या बदलांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याबद्दल अर्धविराम यांचे आभार. एक उदाहरण. गळा दाबल्याचा संशय असेल तर मान सगळ्यात शेवटी उघडायची. आधी कवटी आणि छाती रिकामी करायची, मानेतलं रक्त निथळू द्यायचं, आणि मग एकेक थर सोलत जायचं. घाईने मान आधी उघडली तर भरलेल्या शिरा आपल्याच ओढाताणीने फुटतात आणि अन्ननलिकेच्या मागे रक्त पसरतं. हुबेहूब गळा दाबल्यासारखं. म्हणजे सुरीनेच पुरावा तयार केला. तुम्ही रिपोर्ट वाचता तेव्हा कुठल्या क्रमाने उघडलं ते लिहिलंय का बघा. नसेल तर उलटतपासणीत विचारा. (माझे सहकारी मला यासाठी शिव्या घालतील.)

आगीतही तेच. आगीत मेंदूवर जमणारं रक्त, तडकलेली हाडं, आणि मुष्टियोद्ध्यासारखे वाकलेले हात. नातेवाईक म्हणतात, ‘शेवटपर्यंत झुंजला हो.’ उष्णतेने स्नायू आकसतात, वाकवणारे स्नायू जास्त ताकदीचे, म्हणून हात तसे होतात. मेल्यानंतरही होतात. आग लागली तेव्हा माणूस जिवंत होता का, हे श्वासनलिकेतली काजळी आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सांगतो.

▪ अर्धविराम

फुटपट्टीचा किस्सा आमच्या बार रूममध्ये सांगणार. नाव न घेता.

▪ निळी बाटली

विषतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला’ ही ओळ बातमीत आली की लोकांना वाटतं, झालं, विषप्रयोग. नाही हो. कारण लगेच मिळालं नाही किंवा नियमच तसा असला की राखून ठेवतात. आमच्याकडे येणाऱ्या बरण्यांपैकी कितीतरींत विषाचा मागमूस नसतो.

दुसरा गैरसमज असा की यंत्रात रक्त टाकलं की खालून विषाचं नाव छापून बाहेर येतं. काय शोधायचं ते साधारण माहीत असावं लागतं. रक्त कुठून घेतलं यानेही फरक पडतो. हृदयातलं रक्त घेतलं तर काही औषधांचं प्रमाण फुगून दिसतं, कारण मृत्यूनंतर फुप्फुस आणि यकृतातलं औषध पाझरून तिकडे येतं. मांडीच्या शिरेतलं घ्या म्हणून आम्ही घसा फोडून सांगतो. आणि विषासाठीचे अवयव फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवू नका!! फॉर्मॅलिन सूक्ष्मदर्शकासाठी. दर महिन्याला एक तरी बरणी अशी येते आणि उघडल्याबरोबर वासाने कळतं की हिचं आता बहुधा काही होणार नाही.

▪ लांबपल्ला

निळी बाटली, ‘काय शोधायचं ते माहीत असावं लागतं’ यावरून १९५७ चं बार्लो प्रकरण आठवलं. इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. नवरा पुरुष-नर्स, बायको बाथटबमध्ये मेलेली, म्हणे बुडाली. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. अंगावर मारल्याची खूण नाही, नेहमीच्या तपासण्यांत विष नाही. तिच्या कातडीवर बारीक तपकिरी ठिपके (फ्रेकल्स) भरपूर होते, पण डॉक्टरांनी भिंग घेऊन इंच न् इंच कातडी बघितली आणि नितंबांवर सुईच्या बारीक खुणा सापडल्या. खालचं ऊतक काढून त्याचा अर्क उंदरांना टोचला, तर ते साखर उतरल्यासारखे कोसळले. इन्सुलिन. इन्सुलिनने केलेल्या खुनात शिक्षा झाल्याचं ते पहिलं प्रकरण मानतात.

▪ निळी बाटली

बरोबर. आणि त्या भिंगाशिवाय आमच्या बरण्यांना काही अर्थ नव्हता. आज असं प्रकरण आलं तर इन्सुलिनसोबत सी-पेप्टाइड मोजतो. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा दोन्ही बरोबरीने तयार होतात, बाहेरून टोचलेल्यात फक्त इन्सुलिन. पण मेल्यावर रक्तातलं इन्सुलिन टिकत नाही, त्यामुळे नमुना उशिरा आला तर संपलं.

▪ ठिपका

एवढं सगळं कापाकापीशिवाय सीटी स्कॅनने नाही का होत? ऐकलं होतं स्वित्झर्लंडमध्ये करतात.

▪ कातरवेळ

करतात, बर्नमध्ये सुरुवात झाली, ‘व्हर्टॉप्सी’ म्हणतात. हाडं, गोळ्या, अडकलेली हवा, यासाठी सीटी माझ्यापेक्षा चांगला. पण २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १८२ देहांचे स्कॅन आणि शवविच्छेदन दोन्ही केलं. कारणाबाबत मोठी तफावत सीटीत ३२ टक्के, एमआरआयमध्ये ४३ टक्के. हृदयरोग आणि फुप्फुसातल्या गुठळ्या निसटत होत्या. म्हणजे नेमकं जे माझ्या टेबलावर रोज येतं तेच.

हृदयाचं सांगायचंच तर, ते हातात घेतलं की आधी वजन करायचं. मग त्याच्या रक्तवाहिन्या आडव्या कापत जायच्या, दर तीन मिलिमीटरला एक काप. कात्रीने उभ्या चिरल्या तर आतली गुठळी पुढे ढकलली जाते. जुन्या, चुना धरलेल्या रोहिणीवर सुरी गेली की बारीक कर्र असा आवाज येतो. तो आवाज ऐकला की सहाय्यक न सांगता कॅमेरा पुढे करतो.

▪ माळरान

सगळा धागा वाचला. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझा भाऊ आठ महिन्यांपूर्वी गेला. २६ वर्षांचा. रात्री बोलून झोपला, सकाळी उठलाच नाही. त्याचा अलार्म वाजत राहिला म्हणून आई खोलीत गेली. शवविच्छेदन झालं. चार महिन्यांनी अंतिम अहवाल आला. ‘मृत्यूचे निश्चित कारण आढळून आले नाही.’ एवढंच. आम्ही तिथे गेलो, त्यांनी सांगितलं, सगळं तपासलं, काही नाही. आईला वाटतं काहीतरी लपवलं. वडिलांना वाटतं नीट बघितलंच नाही. मला काय वाटतं ते मलाच कळत नाही. इथे तुम्ही सगळे रोहिण्या तीन-तीन मिलिमीटरवर कापता आणि माझ्या भावाच्या कागदावर काहीच नाही?

▪ कातरवेळ

माळरान, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल काही लिहू शकले नाही.

तुमच्या भावाचं शवविच्छेदन कसं झालं हे मला माहीत नाही, त्यामुळे त्या डॉक्टरांची बाजू मी घेत नाही. पण ते वाक्य लिहिताना काय होतं ते सांगू शकते. ज्यात सखोल तपासणीनंतरही कारण मिळत नाही त्याला आमच्याकडे निगेटिव्ह ऑटोप्सी म्हणतात. पाठ्यपुस्तकं शंभरात दोन ते पाच म्हणतात. तरुणांत ते जास्त भेटतं. अवयव बघून झाले, सूक्ष्मदर्शक झाला, विषतपासणी आली, तीही कोरी. अशा वेळी ‘हृदयविकाराने’ असं लिहून टाकायचा मोह फार होतो. घरचे निश्चिंत, पोलीस निश्चिंत, फाइल बंद. ज्यांनी तसं लिहिलं नाही, त्यांनी निदान तुम्हाला खोटं उत्तर दिलं नाही.

आता कामाचं. सुरीला हृदयाची बनावट दिसते, त्यातली वीज दिसत नाही. हृदयाचे ठोके ज्या विद्युतप्रवाहावर चालतात त्याच्या काही आनुवंशिक बिघाडांत हृदय दिसायला अगदी निरोगी असतं. लाँग क्यूटी, ब्रुगाडा ही त्यांतली नावं. ब्रुगाडात बऱ्याचदा झोपेत घात होतो. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात पोहताना, दुसऱ्यात अचानक मोठा आवाज झाल्यावर. मेल्यावर ईसीजी काढता येत नाही, पण जनुकं तपासता येतात, आणि जिवंत नातेवाइकांचा ईसीजी काढता येतो.

अहवाल पुन्हा काढा आणि तीन गोष्टी बघा. एक, हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचं लिहिलंय का. दोन, विषतपासणीचा निकाल जोडलाय का. तीन, रक्त किंवा प्लीहेचा तुकडा गोठवून ठेवल्याचा उल्लेख आहे का. मेणात बसवलेल्या तुकड्यांतून डीएनए धड निघत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. घरात कोणाला फिट, चक्कर, भोवळ, न समजलेला बुडून मृत्यू, लहानपणी गेलेलं कोणी? भावंडं किती?

▪ रात्रपाळी

ताई, एक सांगू का. तुमच्या वडिलांना सांगा. ज्यांचं काही सापडत नाही त्यांच्यापाशीच आम्ही जास्त वेळ उभे असतो. सापडलं की काम संपतं. न सापडणाऱ्याला डॉक्टर दोनदा-तीनदा उघडून बघतात आणि मी टाका घालायला थांबून राहतो. आतून बाहेर, आतून बाहेर, जवळजवळ टाका घालतो, आणि केसांतला टाका बाहेरून कोणाला दिसत नाही. हे सगळीकडे असंच होतं असं म्हणत नाही. माझ्या टेबलावर होतं.

▪ अर्धविराम

माळरान, नमुना राखून ठेवला असेल तर तो ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. मुदत जागोजागी वेगळी. आजच लेखी अर्ज करा की नष्ट करू नये, आणि पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

▪ चकवा

माझे पोरकट प्रश्न मागे घ्यावेसे वाटताहेत.

▪ कातरवेळ

चकवा, घेऊ नका. तुम्ही वेळेचं विचारलंत म्हणून अर्धा धागा झाला.

अवांतर, पण अर्धविराम यांच्या पहिल्या प्रतिसादाची दुसरी बाजू राहून गेली. छातीठोक बोलण्याने माणसं अडकतात, तसं न बघण्याने माणसं मरतात. इंग्लंडातला डॉक्टर हॅरल्ड शिपमन. स्वतःच्या पेशंटना डायामॉर्फिन (औषध म्हणून वापरलं जाणारं हेरॉइन) टोचायचा आणि मृत्यूचा दाखला स्वतःच लिहायचा, म्हातारपण, हृदय, असं काहीतरी. वयस्कर माणसं, कोणाला शंका नाही, शवविच्छेदन नाही. एका मृत्युपत्रावरून बिंग फुटलं आणि पुरलेले देह उकरून तपासले, तेव्हा औषध सापडलं. २००० मध्ये पंधरा खुनांसाठी शिक्षा झाली. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने मोजले ते २१५. इंग्लंड-वेल्समध्ये कॉरोनरकडे न गेलेल्या प्रत्येक मृत्यूचा दाखला दुसऱ्या कोणीतरी डॉक्टरने बघायचा, हे कायद्याने सक्तीचं झालं सप्टेंबर २०२४ मध्ये.

▪ लांबपल्ला

चोवीस वर्षं लागली?!

▪ कातरवेळ

हो.

▪ माळरान

अहवाल काढला. शेवटच्या पानावर तळाशी आहे : ‘रक्त नमुना व प्लीहा गोठवून राखीव.’ एवढे दिवस मी ती ओळ वाचलीच नव्हती. पहिल्या पानावरच अडकले होते. अर्ज दिला, पोच घेतली. विषतपासणी जोडलेली आहे, काही नाही. हृदयाचे सहा तुकडे तपासलेत, नॉर्मल.

आम्ही तिघं भावंडं होतो. धाकटी बहीण १९ वर्षांची. ती दोनदा पडली आहे. एकदा शाळेत घंटा वाजल्यावर, एकदा घरी झोपेतून फोनच्या आवाजाने दचकून उठताना. डॉक्टर म्हणाले होते, अशक्तपणा.

कातरवेळताई, अलार्म वाजत होता म्हणजे त्यानेच का?

▪ कातरवेळ

अलार्मचं सांगता येणार नाही. तो वाजायच्या आधीच भाऊ गेलेला असू शकतो. काठिण्य आणि तापमान नोंदवलं असेल तर त्यावरून थोडा अंदाज येईल, पण तुम्ही वर वाचलंच आहे की अंदाज किती तासांचा असतो. ‘अलार्मने गेला’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी सांगितलं तरी.

बहिणीचं मात्र थांबवू नका. या आठवड्यात ईसीजी, आणि तो नेहमीच्या डॉक्टरांनी नाही, हृदयाच्या विद्युतविकारांचं काम करणाऱ्या तज्ज्ञांनी बघायचा. भावाचा अहवाल सोबत न्यायचा. दोनदा पडल्याचं पहिल्या वाक्यात सांगायचं, घंटा आणि फोन या शब्दांसकट. तोवर तिला पोहायला एकटी सोडू नका, उशाशी अलार्म नको, आणि कुठलंही नवीन औषध सुरू करण्याआधी विचारा. काही साधी अँटिबायोटिक्ससुद्धा यात चालत नाहीत.

▪ माळरान

ईसीजी झाला. क्यूटीसी (लाँग क्यूटीत लांबतो तो ईसीजीतला कालावधी) ४४५. खाली ‘नॉर्मल’ छापून आलं. आई तिथेच बसली आणि रडली. मग म्हणाली, ‘हिच्यातही काही सापडलं नाही.’ ते चांगलं म्हणून रडत होती की वाईट म्हणून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

▪ कातरवेळ

साधा ईसीजी नॉर्मल असला म्हणून विषय संपत नाही. जनुकदोष असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाचा ईसीजी असाच नॉर्मलच्या आत येतो. व्यायाम करवून, उभं करून, चोवीस तास लावून बघावं लागतं. त्या तज्ज्ञांनी पुढचं काय सांगितलं?

▪ माळरान

गुरुवारी ट्रेडमिल. होल्टर (चोवीस तास ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावलाय, ती तो घालून झोपलीये. मी तिच्या खोलीत बसून हे टाइप करते आहे. फोन सायलेंटवर ठेवलाय.

▪ कातरवेळ

भावाच्या नमुन्याच्या जनुकतपासणीसाठी त्या तज्ज्ञांकडून पत्र लागेल. त्यात काय काय असायला हवं ते इथे उघड्यावर नको, व्यक्तिगत निरोप करते.

▪ माळरान

मिळाला. पत्र मागितलंय.